बाकी पुढे

परभणी-वसमत रस्त्यावरच्या हट्ट्यात एखाद्या शेतकरी घराची कामे एका दिशेला कधीच नसतात. हळद विकायची वसमतच्या बाजार समितीत, कलेक्टर कचेरी हिंगोलीला, कृषी विद्यापीठ परभणीला. सातबाऱ्याचे काम तलाठ्याकडे, पीककर्जाचे बँकेत, दुधाचे डेअरीवर आणि मुलाच्या भरतीचा फॉर्म मोबाइलवर. या सगळ्याच्या नोंदी कुठे असतात? काही भिंतीवरच्या कालनिर्णयावर, काही खताच्या पावतीमागे, काही व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या, आणि उरलेल्या डोक्यात. डोक्यातल्या नोंदींचा भरवसा सगळ्यांत कमी आणि ओझे सगळ्यांत जास्त.

अशा विखुरलेल्या नोंदी एका साध्या वहीत आणायची जी रीत गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर पसरली, तिला बुलेट जर्नल म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणाऱ्या रायडर कॅरोल या डिजिटल डिझायनरने ती घडवली. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नात वाढलेल्या कॅरोलला लहानपणापासून एका गोष्टीवर लक्ष टिकवणे अवघड जायचे. डॉक्टरांनी त्याला लक्ष विचलित होण्याचा विकार असल्याचे सांगितले होते. शाळा-कॉलेजात तग धरण्यासाठी त्याने स्वतःपुरत्या युक्त्या शोधल्या, त्या वर्षानुवर्षे घासूनपुसून घेतल्या आणि २०१३ साली संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मांडल्या. २०१८ साली त्याचे यावरचे पुस्तक आले. दिवसभर संगणकाच्या पडद्यासाठी काम करणाऱ्या माणसाने स्वतःच्या कामांसाठी मात्र कागद निवडला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

रीत थोडक्यात अशी. वहीच्या पानांना क्रमांक घालायचे. पहिली चार पाने अनुक्रमणिकेसाठी राखायची. त्यापुढची काही पाने येणाऱ्या महिन्यांसाठी, मग चालू महिन्याची दोन पाने, आणि तिथून पुढे रोजच्या नोंदी. दिवसासाठी आधीपासून पान आखून ठेवायचे नाही. एका दिवसाला दोन ओळी लागल्या तर दोन, पान लागले तर पान. नोंदी लांबलचक वाक्यांत लिहायच्या नाहीत. करायच्या कामापुढे टिंब, घडलेल्या गोष्टीपुढे छोटे वर्तुळ, नुसत्या माहितीपुढे आडवी रेघ. काम झाले की टिंबावर फुली. पुढच्या महिन्यात नेले की उजवीकडे तोंड केलेला बाण, फार पुढच्या तारखेला टाकले की डावीकडे तोंड केलेला बाण. तातडीचे असेल तर समोर चांदणी. एखाद्या विषयाच्या नोंदी वाढू लागल्या की त्याला स्वतंत्र पान द्यायचे आणि त्या पानाचा क्रमांक अनुक्रमणिकेत टाकायचा. महिना संपला की उरलेली कामे एकेक करून तपासायची आणि जी खरेच करायची आहेत तीच हाताने नव्या महिन्यात उतरवायची.

ज्याने किराणा दुकानात किंवा आडतीवर कधी हिशेब लिहिला असेल, त्याला यातले निम्मे ओळखीचे वाटेल. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार घडले त्या क्रमाने उतरतात. मग खतावणीत प्रत्येकाच्या खात्यावर ती रक्कम चढते आणि कोणत्या पानावरून आली तो आकडा शेजारी लिहिला जातो. दिवस मिटवताना शिल्लक काढायची, आणि पान संपले की खाली ‘बाकी पुढे’ लिहून तीच रक्कम नव्या पानाच्या माथ्यावर घ्यायची. कॅरोलच्या रोजच्या नोंदी म्हणजे रोजकीर्द, विषयवार पाने म्हणजे खतावणी, आणि महिनाअखेरची उजळणी म्हणजे बाकी पुढे नेणे. फरक एवढाच की रुपयांच्या जागी कामे आहेत. पेशवाईतही राज्याच्या कारभाराची रोजनिशी ठेवली जात असे. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिशांतून निवडलेले उतारे पुढे अनेक खंडांत छापले गेले. नोंद तारखेवार लिहायची आणि विषयवार शोधता आली पाहिजे, ही गरज तेव्हाच्या कारकुनालाही होती.

मराठवाड्यात या शिस्तीची एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पैठणचे एकनाथ देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दन स्वामींच्या सेवेत हिशेब पाहत असताना एका पैची चूक लागेना. रात्रभर वह्या उलटून पहाटे ती सापडली, तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी त्यातून परमार्थाचा धडा दिला, हा कथेचा पुढचा भाग. पण चूक शोधायला आधी नोंद असावी लागते, हे त्या टाळीआधीचे सत्य आहे.

तरीही बुलेट जर्नल सुरू करणारे बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात थांबतात. कारण बहुधा एकच: वही दुसऱ्याच्या वर्षाला बेतलेली असते. इंटरनेटवर दिसणाऱ्या नमुन्यांत वर्ष जानेवारीला उघडते, आठवडा सोमवारी, आणि दिवस ऑफिसच्या वेळेत मोजला जातो. हट्ट्याचे वर्ष तसे चालत नाही. हळदीची लागवड मे-जूनमध्ये, काढणी जानेवारीपासून मार्चपर्यंत. सालगड्याचे साल पाडव्याला बदलते. शाळा जूनमध्ये सुरू होते, बँकेचे वर्ष ३१ मार्चला संपते, दुकानदाराचे वहीपूजन दिवाळीत. १ जानेवारीला यातले एकही चक्र सुरू होत नाही. म्हणून वही कुठल्या दिवशी उघडायची, हा आपल्याला साजेसे जर्नल बनवण्यातला पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय आहे. हळद उत्पादकाने ती बेणे निवडायला बसतो त्या दिवसापासून उघडावी. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाने जाहिरात निघाली त्या दिवसापासून. कॅरोलच्या मूळ मांडणीत पुढचे सहा महिने आखलेले असतात. नऊ महिने शेतात राहणाऱ्या पिकाला सहा महिने पुरत नाहीत. इथे पुढचे पूर्ण वर्ष आखावे लागते.

वसमत परिसराचे हळदीशी नाते आता कागदोपत्रीही पक्के झाले आहे. २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हळदीच्या संशोधनासाठी वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे केंद्र उभे राहिले. मानांकनाचे नाव मालावर लावायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. मोठा खरेदीदार कोणते औषध किती तारखेला फवारले हे विचारतो. अशा वेळी ‘ऑगस्टच्या सुमारास फवारले असेल’ हे उत्तर चालत नाही.

हळदीचे एक स्वतंत्र पान वहीत कसे दिसेल? माथ्यावर गट क्रमांक, क्षेत्र, जात. सेलम असेल तर सेलम. त्याखाली बेण्याची नोंद: कुठून आणले, काय भावाने, किती. एकरी साधारण दहा क्विंटल बेणे लागते, तेव्हा ही खर्चातली पहिली मोठी रक्कम असते. मग तारखेपुढे तारीख चढत जाते: गादीवाफे पाडले, ठिबक अंथरले, लावण, उगवण किती टक्के, पहिला खताचा हप्ता, भरणी, करप्याचे पहिले ठिपके कोणत्या कोपऱ्यात दिसले, कंदमाशीसाठी काय केले. काढणीनंतर कुकरमध्ये शिजवलेल्या प्रत्येक घाण्याची वेळ. हळकुंडात काडी सहज शिरली की शिजली, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण किती मिनिटांना शिरली हे लिहिले तर पुढच्या वर्षी अंदाज नेमका येतो. त्यानंतर वाळवणाचे दिवस, पॉलिश, वजन, विक्री. ओल्या हळदीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच वाळलेली हळद हाती येते. ओल्याचे आणि वाळलेल्याचे अशी दोन्ही वजने एका पानावर असली तरच एखाद्या वर्षी उतारा का घटला याचा माग लागतो. गुत्त्याने दिलेल्या काढणीची उचल किती आणि फिटली कधी, हेही त्याच पानावर असावे. उचलीवरून होणारी निम्मी भांडणे तारखेची असतात.

पण हे झाले विषयाचे पान. रोजची नोंद याहून कितीतरी आखूड असते. जूनमधल्या एका दिवसाचा नमुना पाहा:

१२ जून
○ रात्री पाऊस. वीतभरही ओल नाही
× पूर्वेकडच्या वाफ्यांत लावण पूर्ण
• ठिबकची फुटलेली नळी बदलणे
* • आईच्या बीपीच्या गोळ्या आणणे, दोन दिवसांच्याच उरल्या
– गावात डीएपी नाही, वसमतला चौकशी
> बँकेत सातबारा देणे

सहा ओळी. लिहायला दोन-तीन मिनिटांहून जास्त लागत नाहीत. पाऊस आणि आईच्या गोळ्या एकाच पानावर आहेत, कारण त्या दिवशी त्या एकाच माणसाच्या डोक्यात होत्या. शेतीची वही वेगळी, घराची वेगळी, औषधांची वेगळी अशी सुरुवात केली की तीन वह्यांपैकी दोन कपाटात राहतात. सगळे आधी एका जागी उतरवावे आणि मग लागेल तसे विषयाच्या पानावर चढवावे. रोजकीर्द आणि खतावणीचा क्रमही हाच आहे. शेवटच्या ओळीतल्या बाणाकडेही लक्ष असावे. बँकेचे काम त्या दिवशी झाले नाही; ते पुढे गेले आहे आणि पुढे गेल्याची खूण मागे राहिली आहे. पान रिकामे नाही की खोटे पूर्णही नाही.

या भागाला साजेसा एक बदल मूळ रीतीत नाही, पण तो करायलाच हवा. गावांची पाने. वहीच्या मध्यावर तीन पाने राखावीत: वसमत, हिंगोली, परभणी. जे काम ज्या गावी आहे ते त्या पानावर. घरातले कोणीही परभणीला निघाले की ते पान उघडायचे: डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चष्म्याचा नंबर, विद्यापीठात माती परीक्षणाची चौकशी, धाकटीच्या वसतिगृहाची फी. एका फेरीत तीन कामे होतात, आणि एसटीचे भाडे नि अख्खा दिवस वाचतो. शहरात राहणाऱ्याला याचे महत्त्व चटकन कळणार नाही. जिथे प्रत्येक कचेरी वेगळ्या गावी आहे, तिथे काम कधी करायचे यापेक्षा कुठे करायचे ही वर्गवारी जास्त उपयोगी पडते.

महिन्याच्या पानावरही इथल्या जगण्याचे वेळापत्रक यावे. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी आलटूनपालटून येते. ते वार महिना उघडतानाच तारखांपुढे लिहून ठेवले की रात्रपाळी कुणाची, हा वाद आधीच मिटतो. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याला पाणी सुटायच्या तारखा जाहीर झाल्या की त्याही तिथे. ज्यांना नक्षत्रांवरून पेरणीचा हिशेब लावायची सवय आहे, त्यांनी मृग, आर्द्रा, पुनर्वसू कधी लागतात ते कालनिर्णयावरून उतरवून घ्यावे. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी मुदतीत मोबाइलवरून नोंदवावी लागते. ती मुदत महिन्याच्या पानावर चांदणी लावून असली पाहिजे, कारण ती चुकली तर सातबाऱ्यावर पिकाची नोंदच राहत नाही आणि पुढे अनुदानाच्या वेळी धावाधाव होते.

आणि कालनिर्णय? ते भिंतीवरून काढायचे कारण नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केले, तेव्हापासून मराठी घरांनी त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख, लग्नाची बोलावणी लिहिली आहेत. ते साऱ्या घराचे पान आहे, येताजाता सगळ्यांना दिसते. वही ही एका माणसाची. दोन्हींची सांगड घालायची सोपी युक्ती म्हणजे महिना उघडताना भिंतीवरच्या तारखांतून आपल्या वाट्याच्या तेवढ्या वहीत उतरवून घेणे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनीही अनेकांकडे असते. वाण, खतांच्या मात्रा, रोग-किडी यांची त्यातली माहिती मोलाची आहे. अडचण छापील तारखांची होते: फवारणीच्या दिवशी पान पुरत नाही आणि पावसात बसून काढलेले चार दिवस कोरेच राहतात. कोरी पाने दिसू लागली की लिहिणाऱ्याचा हात आखडतो. साध्या वहीत तारीख आपणच घालत असल्याने मध्ये आठ दिवस गेले तरी पान वाया जात नाही. विद्यापीठाची दैनंदिनी संदर्भाला ठेवावी आणि लिहावे आपल्या दोनशेपानी वहीत.

या रीतीचा खरा कस जिथे लागतो असे एक काम गावोगावी चालू आहे, ते आशाताईंचे. बाळ दवाखान्यात जन्मले असेल तर आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला पाहायचे असते. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याच्या या पद्धतीचे मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून ती राबवली, आणि नवजात बालकांचे मृत्यू तिथे किती मोठ्या प्रमाणात घटले ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आता एका ताईकडे एकाच महिन्यात चार बाळंतिणी असतील तर चोवीस भेटी झाल्या, त्याही एकमेकींत गुंतलेल्या. सरकारी रजिस्टर भेट झाल्यावर भरायचे असते. भेट होण्याआधी आठवण देणारी जागा तिला स्वतःलाच करावी लागते. बाळ जन्मल्याचे कळले त्याच दिवशी सहाही तारखा महिन्याच्या पानावर आणि पुढच्या महिन्यांच्या पानांवर टिंबासह टाकून ठेवणे हे बुलेट जर्नलचे अगदी चोख काम आहे. मात्र तिथे नाव पूर्ण लिहू नये, आद्याक्षर पुरे. वही पिशवीतून चार घरांत फिरते, आणि दुसऱ्याच्या घरची आरोग्याची माहिती कुणाच्या हाती लागणे बरे नाही.

बचत गटांना तर हे नव्याने सांगायचीच गरज नाही. गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या बरोबरीने नियमित दस्तऐवज लेखन आहेच. ज्या बाईने दहा जणींच्या कर्जाचा हिशेब वर्षभर न चुकता ठेवला, तिला स्वतःच्या कामांची वही ठेवता येणार नाही असे म्हणणे निव्वळ अन्याय आहे. अडते ते वेळेपाशी, आणि त्याहूनही जास्त म्हणजे स्वतःच्या कामांना वहीत जागा देण्याच्या संकोचापाशी.

लिहिण्याने डोके हलके होते, हा नुसता अनुभव नाही. अमेरिकेतल्या मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवले की अपुरे काम मनात घोळत राहून दुसऱ्या कामात अडथळा आणते, पण ते कसे पूर्ण करायचे याची नेमकी योजना ठरली की तो अडथळा ओसरतो, काम प्रत्यक्षात झालेले नसले तरीही. २०१८ साली टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाच्या मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटे लिहायला बसवले. निम्म्यांनी येत्या दिवसांतली कामे लिहिली, निम्म्यांनी झालेली. करायची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. प्रयोग छोटा होता, एकाच रात्रीचा होता. पण त्यातला ‘नेमकी’ हा भाग वही मांडणाऱ्याने जरूर उचलावा.

कारण बहुतेक याद्या तिथेच फसतात. ‘वारस नोंद’ असे दोन शब्द महिनोन्‌महिने बाण होऊन पुढे सरकत राहतात. ते काम नाहीच. ती पाच-सहा कामांची मोळी आहे. मृत्यूचा दाखला काढणे. वारसांची नावे आणि आधारच्या प्रती गोळा करणे. तलाठ्याकडे अर्ज देणे. फेरफार धरल्यावर हरकतीसाठीचे १५ दिवस कधी संपतात ती तारीख पुढच्या महिन्यात टाकणे. नोंद मंजूर झाली की नवा सातबारा काढून नावे तपासणे. यातले पहिले एकच काम आजच्या टिंबापुढे यावे आणि त्यात क्रियापद असावे. ‘दाखला’ नव्हे, ‘ग्रामपंचायतीतून दाखला आणणे’. तीन महिने एकच ओळ हाताने पुन्हा लिहावी लागली, तर ती मोळी फोडायची राहिली आहे किंवा ते काम आपल्याला करायचेच नाही, यातले काहीतरी खरे आहे. करायचेच नसेल तर सरळ आडवी रेघ मारावी. रेघ मारणे हाही निर्णयच आहे, आणि महिनाअखेरीला एकदा बसून असे निर्णय घेणे हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे.

म्हणूनच हे पुन्हा लिहिणे हातानेच झाले पाहिजे. मोबाइलमधली यादी आपोआप पुढच्या दिवशी जाते. तिला काहीच कष्ट पडत नाहीत, म्हणून ती फुगत जाते. हाताने उतरवताना प्रत्येक ओळीचा थोडा कंटाळा येतो, आणि तो कंटाळाच चाळणीचे काम करतो. मोबाइलचे काम वेगळे. पहाटे चारला मोटार सुरू करायची आठवण वही देऊ शकत नाही. त्यासाठी गजर लावावा. करप्याच्या पानाचा फोटो, पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि वहीत ‘फोटो आहे’ एवढे लिहून तारीख टाकावी.

आता सजावटीचे. बुलेट जर्नल हा शब्द समाजमाध्यमांवर शोधला की रंगीत फिती, जलरंगातली फुले, सुलेखनातली शीर्षके यांनी नटलेली पाने समोर येतात. ती सुंदर असतात, आणि ज्याला त्यात रमायला आवडते त्याने जरूर रमावे. मात्र नवख्याचा गैरसमज होतो की हेच जर्नल. कॅरोलची स्वतःची पाने साधी असतात, एका पेनाने लिहिलेली. आपल्याकडे वही आणि अक्षर यांचा बारकाईने विचार समर्थ रामदासांनी केला आहे. समर्थ मूळचे मराठवाड्यातलेच, आताच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे; पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकसारखे दिसावे; ओळी सारख्या अंतरावर असाव्यात; नाना ठिकाणचे बोरू, चाकू, रेखाटणी जवळ ठेवावी. आणि पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडत नाही. ही शेवटची सूचना शेतात जाणाऱ्या वहीला आजही जशीच्या तशी लागू आहे. खिशात मुडपलेल्या, घामाने भिजलेल्या वहीच्या कडाच आधी जातात, आणि पानांचे क्रमांक नेमके कोपऱ्यात लिहिलेले असतात. क्रमांक जरा आत घ्यावा. जेल पेन पाण्याने पसरते. साधे बॉलपेन बरे.

सवयींचे तक्तेही जपूनच घ्यावेत. पाणी किती प्यालो, किती चाललो, किती पाने वाचली अशा दहा-बारा रकान्यांचा तक्ता पहिल्या आठवड्यात उत्साहाने भरला जातो आणि तिसऱ्यात रिकामे चौकोन आपल्याकडे डोळे वटारून पाहू लागतात. ज्या आकड्यावरून पुढे काही ठरणार आहे तोच रोज लिहावा. घरात कुणाला साखर असेल तर उपाशीपोटीचा आकडा आणि गोळी घेतली की नाही, कारण तो कागद डॉक्टर पाहतात. दूध डेअरीला घालत असाल तर सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि एसएनएफ, कारण दर त्यावर मिळतो आणि फॅट अचानक उतरले तर चारा बदलला होता का हे त्याच पानावर सापडते. भरतीची तयारी करणाऱ्यासाठी रोज किती तास बसलो यापेक्षा सरावपरीक्षेत कोणत्या प्रकारची गणिते चुकली, हे पान कितीतरी उपयोगाचे.

वही भरत आली, किंवा हळदीचे साल संपून पुन्हा बेण्याची निवड सुरू झाली, की दुसरी वही उघडायची. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख ठळक लिहावी. नव्या वहीत आधी अनुक्रमणिका, मग पुढच्या वर्षाची पाने, आणि त्यावर जुन्या वहीतून निवडून आणलेल्या तारखा: कर्ज नूतनीकरण, मोटारसायकलचा विमा, लसीकरणाचा पुढचा डोस, सालगड्याला दिलेली उचल. गट क्रमांक, बँक खात्यांची शाखा, डॉक्टरांनी लिहून दिलेली कायमची औषधे यांचे पान नव्याने उतरवावे. बँकेचा पासवर्ड किंवा पिन मात्र वहीत कुठेही नसावा. हळदीचे गेल्या वर्षीचे पान पुन्हा लिहायची गरज नाही. नव्या पानाच्या माथ्यावर ‘मागील वही, पान ४६’ एवढे लिहिले की दोन्ही साले शेजारी ठेवून पाहता येतात: लावण किती दिवस उशिरा झाली, करपा यंदा किती तारखेला दिसला, आणि ठिबकच्या त्याच नळीवर पुन्हा खर्च करायचा की यंदा नवीच घ्यायची.